जलपर्णी काढतात, पण तिचं खाणं कोण बंद करणार?

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यातून जलपर्णी काढण्याच्या बातम्या येतात. महिना-दोन महिन्यांनी शिरूर-दौंडच्या भीमाकाठावरून नदी हिरवीगार झाल्याचे फोटो येतात. डिजिटल डेस्कवर या दोन बातम्या वेगवेगळ्या पडतात, पण नदी एकच आहे.

नकाशा बघा. पवना दापोडीला मुळेत मिसळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यात होतो. तिकडे आळंदीवरून आलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. ही भीमा कोरेगाववरून खाली उतरते आणि रांजणगाव सांडस-वाळकी परिसरात मुळा-मुठा तिला मिळते. म्हणजे दोन महापालिकांचं सांडपाणी शिरूर आणि दौंडच्या हद्दीवर एकत्र होतं. पुढे कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा संपला की ढापे बसतात आणि पाणी थांबतं. साचलेलं पाणी, सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस आणि वरून ऊन. जलपर्णीला आणखी काय हवं?

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या मोहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि 1936 मध्ये तिथे तिच्याविरोधात कायदाच करावा लागला. पाण्यावर तिचा थर जमला की खाली उजेड पोहोचत नाही, ऑक्सिजन घटतो, मासे गुदमरतात. जाळं टाकता येत नाही, डास वाढतात, मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला मुळं गुंडाळतात.

दरवर्षी काढूनही ती संपत का नाही?

साधं गणित आहे. पोषक पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा कंत्राटदाराने 95 टक्के काढली, 5 टक्के काठाला राहिली. पंधरा दिवसांत 10, महिन्यात 20, दीड महिन्यात 40, दोन महिन्यांत 80 टक्के. एवढं चोख काम झालं, तरी हाती लागतात जेमतेम दोन महिने. त्यात दाट वाढलेली जलपर्णी हेक्टरी 300 टनांहून जास्त भरू शकते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपण डिझेल जाळून पाणी वाहतो, असंच म्हणायचं.

तणनाशक मारावं, तर याच पाण्यावर ऊस, जनावरं आणि गावांच्या नळयोजना आहेत. जलपर्णी खाणारे नियोकेटिना भुंगे 1980च्या दशकात बंगळूरुत आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी काम केलंही. पण भीमेचा पूर दरवर्षी जलपर्णीसकट भुंगेही वाहून नेणार. शिवाय एवढं खाद्य मिळणारं झाड किड्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढतं.

म्हणून माझं मत असं, की जलपर्णीचा खरा उपाय मैलाशुद्धीकरण केंद्रात आहे. पुण्यासाठी जपानच्या 'जायका'च्या कर्जातून 11 केंद्रांचा, दररोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला. जानेवारी 2022 ची मुदत केव्हाच उलटली. या उशिराचं व्याज दौंड-शिरूरचे शेतकरी भरतात. आणि नुसती केंद्रं उभी राहून भागणार नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस किती, हेही मोजावं लागेल. (उसाला बेसुमार युरिया टाकणारे आपणही यातून सुटत नाही, हे मान्य करू.)

तोवर दोन गोष्टी लगेच करता येतील. काढणी उन्हाळ्यात न करता ढापे बसतानाच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, झाडं मोजकी असताना सुरू करा. आणि बिल मोकळ्या दिसणाऱ्या पाण्यावर न काढता काठावर रचलेल्या ढिगाचं मोजमाप घेऊन काढा. पुढे लोटलेली जलपर्णी कागदावर काढलेलीच दिसते, ती अडकते खालच्या बंधाऱ्याला.

जलपर्णीचं बी गाळात 20 वर्षांपर्यंत तग धरू शकतं. म्हणजे उद्या सगळं सांडपाणी शुद्ध झालं, तरी खालच्या गावांना अनेक वर्षं काढणी करावीच लागणार. ग्रामपंचायतींच्या तिजोरीत तेवढा पैसा नाही. तो खर्च दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकात, गावांच्या नावासकट, दिसला पाहिजे.