ठाकूरचे अश्रू कोणी पुसले?

‘शोले’चा मूळ शेवट लोकांसमोर आणायला नको होता, असे आमच्या धर्मग्रामातील एका आदरणीय गृहस्थांनी मिस्सानंतर चर्चच्या अंगणातच मला सुनावले. ‘‘पोलीस येऊन हात धरतात, तोच शेवट आपल्या मुलांना दाखवावा. सूड शिकवणारा नको.’’ गृहस्थांचा हेतू निर्मळ आहे. मत मात्र मला साफ नामंजूर आहे.

मी रमेश सिप्पींचा जुना भक्त. नंदुरबारला तंबूतल्या फाटक्या पडद्यावर पाहिलेला ‘शोले’ माझ्या लेखी आजही नवा आहे. त्यावर अमेरिकी-इटालियन घोडेस्वारपटांचे, विशेषतः सर्जिओ लिओनेचे ऋण आहे, हे पुढे कळले. त्याने प्रेम उणावले नाही. 1975 साली सेन्सॉरने बदलायला लावलेला तो शेवट जीर्णोद्धारित प्रतीत 2025 च्या डिसेंबरात चित्रपटगृहांत आला, तेव्हा ताप्ती लाईनची गाडी धरून मी सुरतेला गेलो.

प्रथम कबुली देतो. तो शेवट क्रूर आहे. खिळे ठोकलेल्या जोड्यांनी ठाकूर गब्बरला तुडवतो आणि ठार करतो. मी मान वळवली. याच सिप्पींनी ठाकूरच्या नातवाचा खून न दाखवता अंगावर काटा आणला होता : बंदूक रोखली जाते, आवाज होतो आणि पडद्यावर आगगाडी येते. अहमदचे मरणही तसेच. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, मग घोडा प्रेत घेऊन गावात येतो, बस्स. एवढा संयम जाणणाऱ्या दिग्दर्शकाने शेवटी तो सोडावा, याची मला खंत वाटते.

पण त्यानंतर काय होते, हे आमच्या गृहस्थांनी पाहिलेलेच नाही. गब्बर मरतो आणि ठाकूर ढसाढसा रडतो. ज्याच्यासाठी जगला ते संपले; हात परत आले नाहीत, मुलेही आली नाहीत. सुरतेच्या त्या थिएटरात गब्बर पडताना शिट्ट्या वाजल्या होत्या. या रडण्यापाशी त्या थांबल्या.

आता पोलिसांचा शेवट आठवा. ठाकूर गब्बरला हवा तेवढा तुडवतो, आपल्या मनातला राग पुरता निवतो, आणि ऐन वेळी कायदा येऊन आपल्या सद्सद्विवेकावर पांघरूण घालतो. सुडाची चव सगळी मिळाली, किंमत कोणीच मोजली नाही. यात क्षमा कुठे आहे? गब्बरला ठाकूरने क्षमा केलेली नाही. त्याला फक्त थांबवले आहे. याला सात्त्विक शेवट म्हणणे म्हणजे उपवासाच्या दिवशी रस्सा भुरकून फोडी बाजूला ठेवणे होय.

शिवाय हा उपदेश केला कोणी? आणीबाणीतल्या सेन्सॉरने. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊ नये, असे बजावणारे सरकार त्याच दिवसांत मिसाखाली माणसांना विनाचौकशी तुरुंगात डांबत होते! आणि पोलीस आले म्हणजे न्याय आला, हे निदान नंदुरबारकराला तरी कोणी सांगू नये. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा हाती धरलेल्या पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारवर गोळ्या झाडणारे पोलीसच होते. त्याच्या स्मारकावरून आपण रोज जातो.

सिप्पींना कायद्याचे मोल कळत नाही, असेही नाही. 1982 च्या ‘शक्ती’त पोलीस असलेला बाप कर्तव्यापोटी स्वतःच्या मुलावर गोळी झाडतो, आणि त्याचे दुःख प्रेक्षकापासून लपवले जात नाही. कायदा पाळण्यालाही किंमत पडते, मोडण्यालाही. 1975 च्या कात्रीने नेमका तोच हिशेब कापला.

लहान मुलांना हा शेवट दाखवा, असे मी म्हणत नाही. माझ्या नातवाला मी घरीच ठेवले. पण थोरांनी तरी तो पाहून मग बोलावे. आमच्या गृहस्थांना मी सुरतेचे तिकीट काढून देतो म्हणालो. ते अद्याप ‘बघू’ म्हणताहेत.