चंदरव्याची नोंद

कार्तिक शुद्ध पंचमी आली की ज्ञानभांडारांतील पोथ्यांची बासने सोडली जातात, धूळ झटकली जाते, पानांना हवा दिली जाते. शेकडो वर्षांपूर्वीच्या ताडपत्री आणि कागदी पोथ्या आजही वाचता येतात, याचे बरेचसे श्रेय या वार्षिक शिस्तीला आहे. मंदिराच्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या मखमली वस्त्रांना मात्र अशी पंचमी लाभलेली नाही.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत मोठ्या तपाच्या सांगतेला उजमणे होते. त्या वेळी इतर उपकरणांबरोबर पूठिया, चंदरवा आणि तोरण अर्पण केले जाते. या संचाला छोड म्हणतात. चंदरवा वर छताला, पूठिया साधुभगवंतांच्या पाठीशी. त्यांवर जरदोजीत माता त्रिशलेची स्वप्ने, अष्टमंगल, सिद्धचक्र. (स्वप्ने चौदा असली तर श्वेतांबर, सोळा असली तर दिगंबर, नुसत्या मोजणीनेही वस्त्राची परंपरा कळते.) पुष्कळदा कडेला अक्षरेही भरलेली असतात: कोणी, कोणत्या तपानिमित्त, कोणत्या संवतात अर्पण केले. व्यापारी घराण्याच्या दृष्टीने हा खतावणीतील अस्सल उताराच होय.

जुनी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. हवेतील गंधकाने चांदी काळवंडते. ती उजळावी म्हणून लिंबू किंवा राख चोळली की मुलामाच निघून जातो. वर्षानुवर्षे एकाच घडीवर दुमडल्याने तार तुटते. अखेर वस्त्र जीर्ण ठरते आणि वजनावर विकले जाते. घेणारा ते जाळून चांदी गाळून घेतो. रक्कम देवद्रव्यात जमा होते, हिशेब चोख लागतो, आणि मासक्षमण करणाऱ्या कोणा आजींचे नाव राखेत जाते. विश्वस्तांना दोष देणे सोपे आहे. पण चांदीला बाजारभाव असतो, आकृतीला ताळेबंदात रकाना नसतो.

म्हणून विक्रीचा ठराव होण्याआधी वस्त्राची नोंद व्हावी. वस्त्र सपाट पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकदा सरळ आणि एकदा तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. तिरप्या प्रकाशात टाक्यांचा उठाव स्पष्ट दिसतो. त्यावरून संगणकावर रेषाचित्र तयार होते. झिजून गेलेला भाग त्यात निराळ्या रंगाने किंवा तुटक रेषेने दाखवावा. अंदाजाची रक्कम उचंत खात्यात ठेवतात, तसेच हे. तर्क आणि पुरावा एकाच रकान्यात जाता कामा नयेत. ही फाइल थेट भरतकामाच्या यंत्राला देऊन नवा चंदरवा काढता येतो, पण त्याला जतन म्हणणे हा उतावीळपणा झाला. अधिक चांगला उपयोग असा की त्या रेषाचित्राचा पुन्हा खाका होतो: रेषांवर सुईने भोके पाडायची, वरून खडूची किंवा निळीची पूड फिरवायची, आणि हाताने काम करणाऱ्या कारागिराकडे कापड सोपवायचे.

मूळ वस्त्राची सेवा त्याहून साधी आहे. घडी न घालता धुतलेल्या मलमलीसह नळीवर गुंडाळावे. सुटलेली तार बारीक रेशमाने जागच्या जागी टाचावी, नवी जर भरू नये. अहमदाबादेत सराभाई कुटुंबाने १९४९ मध्ये कॅलिको वस्त्रसंग्रहालय उभे केले, पण प्रत्येक गावाच्या देरासराला संग्रहालय होणे शक्य नाही. एक कपाट, एक वही आणि फाइलींच्या तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्या गावी, एवढे बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

ज्ञानपंचमीला पोथ्या उघडल्या जातीलच. त्याच दिवशी शेजारी स्वच्छ चादर अंथरून चार छोड पसरावेत आणि त्यांची छायाचित्रे घ्यावीत. अस्तर उसवलेले असेल तेथे मागील बाजूही टिपावी. उजेड न लागल्याने रेशमाचा मूळ रंग पुष्कळदा तेथेच शिल्लक राहिलेला असतो.