‘स्मार्ट वर्क’ करा म्हणे! पण वाचलेला वेळ जातो कुठे?

“हार्ड वर्क नको, स्मार्ट वर्क करा.” ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. झोप नाही, ॲसिडिटी, आखडलेली मान, वाढलेलं बीपी अशा तक्रारी घेऊन येणारे कितीतरी नोकरदार हेच वाक्य स्वतःविरुद्ध वापरतात. “डॉक्टर, माझंच टाइम मॅनेजमेंट चुकतंय.” माझं स्पष्ट मत सांगतो. बहुतेक वेळा ते चुकत नसतं. काम जास्त असतं आणि माणसं कमी असतात.

एक साधा हिशेब करा. एका रिपोर्टला पूर्वी पाच तास लागायचे. तुम्ही एक्सेलमध्ये फॉर्म्युले बसवले आणि तो दोन तासांत होऊ लागला. मग उरलेले तीन तास तुम्ही लवकर घरी गेलात का? नाही. दुसरा रिपोर्ट आला. शेजारचा सहकारी नोकरी सोडून गेला, त्याची जागा भरलीच नाही, कारण “तुला जमतंय की!” हुशारी तुमची, पण वाचलेला वेळ कंपनीचा.

शरीर तास मोजतं

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये स्ट्रोकचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. याचा अर्थ शंभरातल्या ३५ जणांना स्ट्रोक येतो असा नाही. मूळ धोका जेवढा असेल, तो तेवढ्या पटीत वाढतो.

कारणं समजायला सोपी आहेत. ताण सतत राहिला की ताणाचे हार्मोन्स वाढतात, त्यासोबत बीपी वाढतं. झोप कमी होते. चालणं बंद पडतं, जेवण रात्री अकरावर जातं, चहा आणि सिगारेट वाढतात. त्यात ‘स्मार्ट’ पद्धतीने मधली उसंतही जाते. पूर्वी फाइल द्यायला निदान दुसऱ्या टेबलापर्यंत उठावं लागायचं. आता एक क्लिक पुरतं आणि पाठ खुर्चीला चिकटलेलीच राहते.

बर्नआउटचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम म्हटलं आहे. मग उपाय फक्त कर्मचाऱ्याच्या डोक्यात कसा शोधायचा? वॉर्डात रात्री तीस रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या नर्सने ‘स्मार्ट’ व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येक रुग्णाला निम्मा वेळ द्यायचा?

मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती जास्त चलाखीने माग चालवल्यामुळे नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ती मागितली म्हणून मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यानेही आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. कामाला मर्यादा हवी, हे तेव्हा कळत होतं.

मग स्मार्ट वर्क वाईट का?

मुळीच नाही. निरर्थक मीटिंग टाळा, चेकलिस्ट वापरा, तेच तेच काम मशीनकडून करून घ्या. कष्ट कमी होत असतील तर उत्तमच. कसोटी एकच: त्यामुळे तुमची घरी जायची वेळ अलीकडे आली का? आली नसेल, तर तो सल्ला तुमच्या भल्यासाठी नव्हता.

तुम्ही काय करू शकता?

• दोन आठवडे कामाचे खरे तास लिहा. घरी आल्यावरचे फोन आणि मेसेजही धरा.
• नवीन काम आलं की विचारा, “हे घेतो, पण आधीच्यातलं कोणतं मागे ठेवू?” शक्यतो लेखी विचारा.
• एकट्याने बोलणं जड जात असेल तर सहकाऱ्यांसोबत बोला. नोकरीची भीती खरी असते, मला मान्य आहे.
• तिशीनंतर त्रास नसला तरी वर्षातून एकदा बीपी तपासा. वाढलेलं बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही.
• छातीवर दाब, अचानक धाप, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर ‘एवढा मेल पाठवून जातो’ म्हणू नका. १०८ ला फोन करा.

बीपीची गोळी मी लिहून देऊ शकतो. दोन माणसांचं काम एकाने करण्यावर मात्र माझ्याकडे गोळी नाही. ते काम कमीच करावं लागतं, आणि ते मागताना तुम्हाला अपराधी वाटायचं काही कारण नाही.