थेट विचारा

10 सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. 2003 पासून तो पाळला जातो, तरी जगात वर्षाला सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्या करतात. बहरीनमधल्या जुफैरला हा विषय परका नाही. इथल्या नौदल तळावरून अमेरिकेच्या पाचव्या आरमाराची धुरा वाहणारे व्हाइस अ‍ॅडमिरल स्कॉट स्टर्नी 1 डिसेंबर 2018 रोजी बहरीनमधील निवासस्थानी मृतावस्थेत आढळले. घातपाताचा संशय नसल्याचे नौदलाने सांगितले. आत्महत्या असावी, अशा बातम्या आल्या. हुद्द्यावरून माणसाच्या मनातले कळत नाही.

मग मानसोपचारतज्ज्ञाला तरी ते कसे कळते? भाकीत त्यालाही करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. 2017 मध्ये संशोधक जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले 365 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आत्महत्येचा धोका वाढवणाऱ्या घटकांवरून बांधलेला अंदाज नशिबाच्या कौलापेक्षा किंचितच सरस निघाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने तर 2022 मध्ये बजावले, की प्रश्नावलीचे गुण मोजून रुग्णावर कमी, मध्यम, जास्त धोक्याचे शिक्के मारू नका.

म्हणून चांगला तज्ज्ञ आधी विचारतो, तेही आडवळणाने नाही: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचार कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशाने थांबवले. शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढचा आधार त्याच उत्तरात सापडतो. मग दोघे मिळून लिहून काढतात: मन ढासळू लागल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचे, कोणाला फोन लावायचा, घातक वस्तू घरातून कोण हलवणार. धोका दिवसागणिक बदलतो, म्हणून पुढच्या भेटीत तेच पुन्हा विचारावे लागते. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

आखातात अडचण वेगळी. नोकरी आणि व्हिसा जाईल या धास्तीने माणूस बोलत नाही, आणि गावी आईला ‘बरं चाललंय’ एवढेच सांगतो. असे दुःख परक्या भाषेत मांडणे फार कठीण. तेव्हा जुफैरच्या मराठी मंडळींनी शेजारच्या एकट्या माणसाची मराठीतून विचारपूस करावी, त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे न्यावे. जीव धोक्यात असेल तर बहरीनमध्ये 999 लावावा. भारतातल्या आप्तांसाठी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही, मोफत उपलब्ध आहे.