'चित्रासारखे गाव' : एक तक्रार

निबंधांच्या गठ्ठ्यात दरवर्षी आम्हाला आल्प्समधले तेच गाव भेटते. हिरवी कुरणे, बर्फाची शिखरे, टेकडीवर 'चिमुकले' चॅपल. आणि शेवटी, 'इथे काळ जणू थांबला आहे.' लिहिणाऱ्याने ते गाव पाहिलेले नसते. पण दोष त्याचा नाही. सहलीवरून परतलेल्या आपल्या प्रवासवर्णनकारांनी हे वाक्य रूढ केले आणि आम्ही मास्तरांनी त्याखाली 'छान' असा शेरा मारला.

काळ थांबलेले चॅपल असते तरी कसे? स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातल्या सुमविच गावाचे उदाहरण घेऊ. तिथली बोली रोमान्श. इतकी लहान, की तिला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळायला 1938 साल उजाडावे लागले. गावाच्या सोन्य बेनेदेच या वाडीतले जुने बरोक चॅपल 1984 साली हिमस्खलनात नष्ट झाले. शेजारीच नव्याने बांधलेल्या वाहनतळाचा उंचवटा झाला आणि त्यावरून बर्फाचा लोट थेट चॅपलवर चढला, असे सांगतात. काळ थांबलेला नव्हता. तो वाहनतळाच्या रूपाने शेजारी येऊन बसला होता.

जुन्याची हुबेहूब प्रतिकृती उभारणे सोपे होते, चित्रात शोभलेही असते. पण डिसेंटिसच्या मठाला आणि स्थानिक धर्मगुरूला नवे, आपल्या काळाचे चॅपल हवे होते. पीटर झुमथोर यांनी ते जंगलाच्या आडोशाला, वरच्या कुरणांकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर बांधले; 1988 साली ते पूर्ण झाले. आकार पानासारखा निमुळता. बाहेरून लार्च लाकडाच्या छोट्या फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या बसवलेल्या. त्या उन्हाच्या बाजूला काळवंडतात, सावलीच्या बाजूला रुपेरी होतात. ही फळ्यांची रीत त्या डोंगराळ मुलखाचीच. म्हणजे परंपरा हातात राहिली, रूप बदलले. आपल्याकडे नेमके उलटे चालते: रूप जपायचे आणि हात विसरायचे.

आणि गावकरी? ग्रामप्रशासनाने बांधकामाचा परवाना दिला, पण 'आम्हाला पटलेले नाही' अशा अर्थाचा रोमान्श शेरा मारून! आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत वाचनीय मजकूर हाच. ज्यांना आपण चित्रातल्या आकृत्या समजतो, त्यांना मत होते. ते त्यांनी लपवले नाही आणि त्यापायी काम अडवलेही नाही. 'चित्रासारखे' म्हटले की हा शेरा पुसला जातो. चित्रातली माणसे असहमत होत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की प्रवासवर्णन म्हणजे अभियंत्याचा अहवाल नव्हे. मुग्ध होण्याचा हक्क प्रवाशाला आहेच. आहे. आम्हीही ती वास्तू छायाचित्रांतच पाहिली आणि मुग्ध झालो. पण हिमलोट आणि तो शेरा कळल्यावर आमची मुग्धता घटली नाही, वाढली. आणि ही मागणी परकीही नाही. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये माणसांना भूक आहे, भय आहे, पैशाची विवंचना आहे. त्या पुस्तकाचे वारस म्हणवून घेणाऱ्यांनी टेकडीवरच्या चॅपलपाशी डोळे मिटून घ्यावेत, हे आम्हाला लाजिरवाणे वाटते.

परक्या गावाला चित्र म्हणण्याची सवय परक्यापुरती राहत नाही. तोच विद्यार्थी उद्या कोकणावर लिहितो आणि तिथेही काळ थांबवतो. मग दरड, पाणीटंचाई, मुंबईला गेलेली माणसे वाक्याबाहेर राहतात. म्हणून यंदापासून आम्ही एक ठरवले आहे. 'चित्रासारखे' या शब्दाखाली लाल रेघ ओढायची आणि समासात विचारायचे : हे तिथल्या कोणाला पटलेले नाही?