नकार नेमका कोणाचा?

धर्माचं कारण सांगून रुग्णाने उपचार नाकारले, की आपल्याकडची चर्चा डॉक्टर आणि कायदा यांच्याभोवती फिरू लागते. प्रत्यक्षात हा नकार बहुधा पहिल्यांदा कानावर पडतो तो सिस्टरच्या. राउंड आटोपलेला असतो, नातेवाईक खाली चहाला गेलेले असतात आणि सलाईन बदलताना रुग्ण हळूच म्हणतो, ‘‘सिस्टर, मला रक्त नका चढवू.’’ ती त्यावर काय विचारते, काय सांगते आणि काय लिहून ठेवते, याला फार किंमत आहे.

यहोवाचे साक्षीदार हा पंथ १९४५पासून रक्त घेणं निषिद्ध मानतो. पूर्ण रक्त, लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स चालत नाहीत. अल्ब्युमिनसारखे रक्तापासून काढलेले घटक घ्यायचे की नाही, हे मात्र ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे एकाच पंथातल्या दोघांचं ‘रक्त नको’ सारखं असेलच असं नाही. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

१९७९मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मोटार अपघातात जबर जखमी झालेली ५७ वर्षांची एक बाई इस्पितळात आली. तिचा नवरा त्याच अपघातात गेला होता. नर्सला तिच्या पर्समध्ये एक कार्ड सापडलं : कोणत्याही परिस्थितीत रक्त देऊ नये. खाली सही होती, तारीख आणि साक्षीदार नव्हते. नर्सने ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी तरीही रक्त दिलं. बाई जगली आणि तिने दावा लावला. उपचारांत हयगय नव्हती, हेतूही प्रामाणिक होता, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही २० हजार डॉलरची भरपाई द्यायला लावली, आणि १९९०मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. मला हा निकाल पटतो, पण सहज पटत नाही. त्या रात्री आपण तिथे असतो तर हात आवरला असता का, हे छातीठोकपणे कोण सांगेल?

दुसरा खटला इंग्लंडचा, १९९२चा. वीस वर्षांची, ३४ आठवड्यांची गर्भवती मुलगी, तीही मोटार अपघातानंतर दाखल झालेली. आई यहोवाची साक्षीदार. मुलगी स्वतः त्या पंथात नव्हती. आई तिच्याजवळ एकटी बसून गेली आणि त्यानंतर मुलीने नर्सला सांगितलं, रक्त नको. रक्ताला पर्याय आहे का, असंही तिने विचारलं. पर्याय आहेत, रक्ताची गरज सहसा पडत नाही, असा दिलासा तिला मिळाला. नकाराच्या फॉर्मवर सही झाली. त्यातला मजकूर कोणी समजावला नाही. पुढे ती अत्यवस्थ झाली. अपील न्यायालयाने म्हटलं, हा नकार आईच्या दबावाखालचा होता आणि उद्भवलेल्या प्रसंगाला तो लागूही नव्हता. रक्त देणं योग्यच.

पहिल्या खटल्यात शुद्ध हरपलेल्या बाईचा नकार खरा ठरला, दुसऱ्यात बोलत्या मुलीचा नाही. मला मात्र त्या दिलाशाने जास्त अस्वस्थ केलं. ‘‘काही होत नाही हो, लागणारच नाही रक्त,’’ हे आपल्या वॉर्डात रोज बोललं जातं, आणि मायेनेच. पण धर्मापायी जीव पणाला लावणाऱ्याला आपण काय पणाला लावतोय ते नीट कळायलाच हवं. गोड बोलून घेतलेला नकार हा नकारच नव्हे.

आपल्याकडे आणखी एक पंचाईत आहे. सही करतो तो नवरा किंवा थोरला दीर. खाटेवरचं माणूस शुद्धीवर असूनही त्याला कोणी विचारत नाही. २००८च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेली संमती चालत नाही. मग नातेवाइकाने परस्पर दिलेला नकार तरी कसा चालावा? लहान मुलांची गोष्ट वेगळी. आईबापांच्या श्रद्धेची किंमत मुलाच्या जिवाने चुकवू नये, याबद्दल मला शंका नाही.

साधे प्रसंग तर रोजचे. चौविहार पाळणारे जैन आजोबा सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत, रोजा धरलेल्या मधुमेही बाईला इन्सुलिनची वेळ बदलून हवी असते. इथे हुशार सिस्टर वाद घालत नाही. डॉक्टरांशी बोलून वेळापत्रक जमतं का ते पाहते. रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं हे किती रुग्णांना आधी सांगितलं जातं, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की असा नकार आला की सिस्टरने नातेवाइकांना बाहेर पाठवून रुग्णाशी एकटीने बोलावं, त्याचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहावेत, डॉक्टरांना कळवावं आणि रुग्णालयाने तिच्या पाठीशी उभं राहावं. तिला स्वतःला तो निर्णय पटला नाही तर तिने दुसरीकडे ड्युटी मागावी. पण बदली येईपर्यंत त्या रुग्णाची सेवा थांबता कामा नये. अडचण ठाऊक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर टाकणाऱ्या व्यवस्थापनाने पडदा ओढून दहा मिनिटं बसायला तिला वेळ कुठून द्यायचा, ते आधी ठरवावं.