दोन हजारांची तडजोड

आमच्या शेजारचा मुलगा तेव्हा नववीत होता. किराडपुऱ्यातून शिकवणीला सायकलने जायचा. गेल्या हिवाळ्यात मगरिबच्या जरा आधी, रोशन गेटच्या बाजूला, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कारचा दरवाजा अचानक उघडला आणि तो सायकलसकट त्यावर आदळला. मनगट सुजले. कारवाले गृहस्थ भले निघाले. त्यांनी स्वतः जवळच्या दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून घेतली, अब्बांच्या हातात दोन हजार ठेवले, मोबाइल नंबर दिला. जमलेल्यांचेही एकच म्हणणे, "जाऊ द्या भाईजान, जीव वाचला, शुक्र करा. पोलिसांत कशाला?" सलाम-दुआ झाली, कार निघून गेली.

तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर हाड मोडलेले. ऑपरेशन करून आत प्लेट बसवावी लागली. खर्च पन्नास हजारांच्या वर गेला. तो मोबाइल नंबर बंद लागत होता आणि गाडीचा नंबर कोणीच लिहून घेतला नव्हता. अम्मीने कानातले मोडले.

आपल्याकडे पोलिसांत जाणे म्हणजे दुश्मनी, असे धरून चालतात. पण भरपाईचे पैसे सहसा त्या माणसाच्या खिशातून जात नाहीत. प्रत्येक मोटारीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो नेमका अशाच वेळेसाठी. पोलिसांत नोंद असेल तर अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आई-वडील करतात. नोंद झाली की चालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही खरे. म्हणून घरच्यांचा संकोच मला समजतो. पण मुलाच्या मनगटाची किंमत पट्टी बांधतानाच ठरवून टाकणे मात्र पटत नाही.

गाडी सापडलीच नाही तर? त्यासाठीही सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून अनोळखी वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. हाड मोडणे कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी त्याच संध्याकाळी नोंद केली असती, तर निदान या वाटेने जाता आले असते.

उपचाराचेही तसेच. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला योजनेतील रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय झाली आहे. आधी उपचार, मग पोलिसांचे कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच डॉक्टरांना बजावले आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही. घाटीत नेताना "आपण अडकू" म्हणून मागे सरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ११२ वर फोन केला तर पोलीस येतात, १०८ वर रुग्णवाहिका.

आता सायकलचे. आपल्या शहरातही २०२० नंतर 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर सायकलसाठी पट्टा आखला गेला. पण रंगाची रेघ गाडीला अडवत नाही. आणि रोशन गेट, कटकट गेट, शहागंज इथे पट्ट्याला जागा तरी कुठे आहे? तिथे मुले उभ्या गाड्यांना अगदी घासून सायकल चालवतात, कारण मागून रिक्षाचा हॉर्न वाजत असतो. खरा धोका त्या कडेलाच आहे. गाडीचा दरवाजा जेवढा उघडतो तेवढे अंतर, म्हणजे साधारण एक मीटर, सोडून चालवायला शिकवा. मागचे वाजवोत. ट्रक किंवा बस डावीकडे वळत असेल तर तिच्या डाव्या अंगाला कधीच शिरू नये. चालकाला तिथली सायकल दिसत नाही. दप्तर हँडलला अडकवू नये. लहान भावंडाला कॅरिअरवर बसवले तर टाच चाकाच्या तारांत जाते. ही जखम दिसते छोटी, भरायला मात्र आठवडे लागतात. मागचा लाल रिफ्लेक्टर फुटला असेल तर आजच बदला, थंडीत मगरिब लवकर होते.

आणि आपणही कारवाले असतोच. दरवाजा उघडायला दाराकडचा नाही, दुसरा हात वापरा. अंग आपोआप वळते आणि मागचा रस्ता दिसतो.

अपघात झालाच तर गाडीच्या नंबरचा फोटो, जागा, वेळ, दोन साक्षीदारांचे फोन. एवढे घ्यायला पाच मिनिटे पुरतात. समोरचा कितीही भला असला तरी घ्या. भला माणूस रागावणार नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. मनगट अजून पूर्ण वळत नाही, दोन पाने लिहिली की दुखते. बोर्डाच्या पेपरला जादा वेळ मिळेल का, हे विचारायला त्याची अम्मी परवा आली होती. डॉक्टरांचा दाखला घेऊन मुख्याध्यापकांना लगेच भेटा, असे सांगितले आहे.